टेबलावरचा तळहात

लंडनहून सिंगापूरला जायचं आम्ही बसल्या बैठकीला ठरवलं होतं. लांबच्या विमानप्रवासाने आमचा दीड वर्षाचा मुलगा बावरला होता. कुणी हात पुढे केला की भोकाड पसरायचा.

सिंगापूरला पोचल्यावर ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांमधल्या सामाईक टेबलावर, आमचं मराठी ऐकून समोरचा माणूस हसला. रत्नागिरीकडचा, जहाजावर इंजिनिअर. जहाज बंदराबाहेर उभं होतं, म्हणून दुपारपुरता किनाऱ्यावर आलेला. मुलाकडे त्याने पाहिलंही नाही. नुसता तळहात उघडा करून टेबलावर ठेवला आणि आमच्याशी माशांबद्दल बोलत राहिला.

"बोलवा ना त्याला," मी म्हटलं.

"नको वहिनी, रडेल. त्याचं त्याला येऊ दे. घरी गेलो की मुलीसमोर असाच हात ठेवून बसतो. आधी आईमागेच लपते ती."

आमच्या नूडल्स गार झाल्या. मुलगा माझ्या मांडीवरून हळूच पुढे सरकला आणि त्याने त्या माणसाचं एक बोट घट्ट धरलं.

"झाली ओळख," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरीही होते. तोवर माझी बॅग भरायची वेळ येते."

त्याला जहाजावर नेणारी लाँच सुटायला आली होती. तरी बोट त्याने सोडवून घेतलं नाही. मुलाने आपणहून सोडेपर्यंत तसाच बसून राहिला.