खुरासणीला खत

सायवनच्या उतारावरच्या आमच्या जमिनीचा क्रम ठरलेला आहे. विश्रांती दिलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, आणि कस कमी झाला की तिसऱ्या वर्षी तेलाची खुरासणी. खुरासणीला एकच हलकी नांगरट, खत नाही. घरचं वर्षाचं तेल तिच्यावरच.

२०१६ साली मी हा क्रम मोडला. पहिल्या, ताकदीच्या वर्षीच खुरासणी घेतली, तीनदा नांगरलं, शेणखताच्या चौदा पाट्या टाकल्या. दरसाल नऊ पायल्या बी होई. मी वहीत पंधरा धरल्या.

रोपं माझ्या खांद्याला लागली. नुसता पाला, फुलं थोडी, आणि वाऱ्याने निम्मी आडवी. दिवाळीनंतर झोडणी केली, तर दोनच पायल्या भरल्या.

बायको म्हणाली, "आता वर्षभर फोडणी कशात घालू? तुमच्या वहीत?"

थोरला भाऊ बांधावर बसून हसत होता. "अरे, खुरासणीला अर्धपोटी ठेवायचं असतं. तू तर जावयासारखं जेवू घातलंस."

आठवड्याने तो स्वतःच्या खुरासणीचं गाठोडं घेऊन आला आणि आमच्या सुपात ओतू लागला. मी पायली आणायला उठलो.

"मोजू नकोस."

तो गेल्यावर मी मोजलंच. साडेतीन पायल्या होत्या. दोन्ही बी एकत्र करून घाण्यावर दिलं. ते तेल बायकोने पुढच्या गणपतीपर्यंत पुरवलं.