पाच ते आठ नेट बंद

घरात शिस्त माझी. नवरा बदलीवर जबलपूरला असतो, शनिवारी येतो, मुलांचे लाड करतो आणि सोमवारी पहाटे निघून जातो. ओरडण्याचं खातं साहजिकच माझ्याकडे. सहामाहीत मुलीचं गणित घसरलं आणि माझं डोकंच फिरलं. मी फोनवर वायफायचं अॅप उघडलं, मुलांच्या नावावर होतं नव्हतं ते सगळं निवडलं आणि रोज संध्याकाळी पाच ते आठ बंद करून टाकलं. पिपलानीच्या कारखान्यात दिवसभर मोठाली यंत्रं ताब्यात ठेवणारी बाई मी, दोन पोरांचं नेट ते काय!

रात्री जेवताना मी ते जाहीर केलं. मुलगा म्हणाला, "आई, ये तो चीटिंग आहे. तुझा फोन तर चालूच राहणार."

"पाच ते आठ घरात नेट नाही. नियम सगळ्यांना सारखा," मी ठसक्यात म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. माझा फोन चालूच राहणार होता आणि राहिलाही. सासरे समोरच मान खाली घालून भात कालवत होते.

सासूबाई गेल्यावर आम्ही बाबांना अमरावतीहून इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीच्या आमच्या घरी घेऊन आलो. इथे शेजारी भले आहेत, पण बाबांची हिंदी दुधवाल्यापलीकडे जात नाही. त्यांची खरी संध्याकाळ अमरावतीलाच व्हायची. तिथले तीन मित्र एकाच्या ओसरीत पत्ते मांडायचे, बाबांची पानं फोनसमोर उभी करायचे आणि बाबा इथून टॅबलेटवर ओरडायचे, दस्सा टाक, दस्सा. मेंढीकोटला चार जण लागतात आणि बाबा त्यांचे चौथे होते. जिंकले की इतके मोठ्याने हसायचे की एकदा मी आतून म्हणाले होते, बाबा, जरा हळू, हिचा अभ्यास चाललाय.

तो टॅबलेट आधी मुलीचा होता. आमच्याकडे नवीन आलं की जुनं बाबांकडे जातं, यात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही. अॅपमध्ये त्याला अजून मुलीचंच नाव होतं. मी निवडताना तोही निवडला गेला आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

मुलांनी दोन दिवस तोंडं फुगवली, मग शेजाऱ्यांचं वायफाय वापरायला त्यांच्या जिन्यात जाऊन बसू लागली. बाबा मात्र पाच वाजले की चपला घालून फिरायला निघायचे. मला वाटलं, बरं झालं, यांनाही चांगली सवय लागली. नवऱ्याला मी हे कौतुकाने सांगितलं, त्याची आता लाज वाटते.

मग एका रविवारी बाबांच्या मित्राचा मला फोन आला. "सूनबाई, तो आमच्यावर रागावला का? टॅबलेटवर लागत नाही. साध्या फोनवर विचारलं तर म्हणतो, घरात मुलांचा अभ्यास असतो. आम्ही तिघं नुसते बसून राहतो."

मी अॅप उघडलं, यादी पाहिली आणि मुलीच्या नावाखाली बाबांचा टॅबलेट दिसला. चूक यंत्राची असती तर मी कोणावर तरी खेकसले असते. बाबांकडे गेले आणि म्हटलं, बाबा, हे चुकून झालं, मला सांगायचं नाही का? ते अगदी सहज म्हणाले, "तू सगळ्यांना म्हणाली होतीस न. मला वाटलं, माझ्या आवाजाचा त्रास होत असेल." त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं. हा माणूस स्वतःच्या मुलाच्या घरात माझी मर्जी सांभाळून राहत होता आणि मी त्याला शिस्त समजत होते.

त्यांचा टॅबलेट मी तिथल्या तिथे मोकळा केला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मुद्दाम लवकर आले. पाचच्या सुमाराला बाबा टॅबलेट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "सूनबाई, किती वेळ बसू?"

माझा मुलगा विचारतो, अगदी तसंच. मी म्हटलं, हवा तेवढा वेळ बसा, बाबा. ते खोलीत गेले, दार लोटून घेतलं. हसणं ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने आवाज अजिबातच थांबला म्हणून मी डोकावले. टॅबलेट बंद करून ते पलंगावर बसले होते. डाव संपला का, मी विचारलं. नाही, म्हणाले, पण आजच्यापुरतं पुरे झालं.

"बाबा, खेळा तुम्ही. परत लावा," मी म्हणाले. रडू येत होतं, पण आवाज माझा नेहमीचाच निघाला. त्यांनी घाईघाईने टॅबलेट उचलला आणि लावला, मी सांगितलं म्हणून.