माझ्या बायोडेट्यात सगळ्यांच्या अपेक्षा

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ग्रह-तारे घराबाहेर गेले, त्यामुळे लग्न जमवताना सगळा भार बायोडेट्यातल्या ‘अपेक्षा’ या रकान्यावर पडतो. विहारातल्या वधू-वर मेळाव्यासाठी मुलींचे बायोडेटे माझी मावशी करते. यंदा तिने ते काम माझ्या गळ्यात मारलं. “दिवसभर हिंजवडीत कॉम्प्युटरच बडवतेस ना? मग बडव अजून थोडा.”

मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. मुलीची अपेक्षा घ्यायची, रिकाम्या यादीत टाकायची, कागद तयार, पुढची मुलगी. शेवटचा कागद माझा. मी ते न वाचता मावशीला पाठवले, मावशीने न वाचता मुलांच्या घरी पाठवले. आमचं घराणंच कामसू.

पायथनची एक खोड आहे. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘यादी दिली नाही तर रिकामी घे’ असं लिहिलं, तर ती रिकामी यादी तो एकदाच बनवतो आणि पुढे प्रत्येकीला तीच देतो. पंगतीत एकच ताट न धुता पुढे सरकवावं तसं. ही खोड मला नीट ठाऊक आहे. नोकरीला आलेल्या पोरांना मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारते आणि ती चुकली की नाक मुरडते.

तर पहिल्या मुलीच्या कागदावर एक अपेक्षा होती, दुसरीच्या दोन, आणि माझ्या कागदावर अख्ख्या मेळाव्याच्या. मुलगा सरकारी नोकरीत हवा, स्वतःचा धंदा हवा, आईवडिलांजवळ राहणारा हवा, कॅनडात स्थायिक हवा, मटण करता यायला हवं. सगळ्यात खाली माझी: स्वभाव बरा असावा.

हे मला कळलं ते मांजरी गावच्या मुलाने आमच्या हॉलमध्ये, आईशेजारी बसून, खिशातून तो कागद काढला तेव्हा. मेळाव्यातला हा एकच मला मनापासून आवडला होता. कागदावर त्याने पेनाने खुणा केल्या होत्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला.

“मटण येतं,” तो म्हणाला. “सरकारी नोकरी नाही. आणि कॅनडात बसून आईवडिलांजवळ कसं राहायचं, ते जरा तुम्हीच सांगा.”

मी यादीची सगळी हकिगत भडाभडा सांगून टाकली. त्याची आई मावशीकडे बघू लागली, मावशी पंख्याकडे.

“पण हे सगळं वाचून तुम्ही आलात कशाला?” मी शेवटी विचारलं.

“बहुतेक ठिकाणी नापासच होतो. म्हटलं, फोनवर नकार ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकावा.”

“स्वभाव बरा आहे हो याचा,” त्याची आई घाईघाईने म्हणाली.

आत चहा गाळताना मावशी कुजबुजली, “सगळे कागद दुरुस्त करून परत पाठवायचे ना गं?”

“बाकीच्यांचे पाठव,” मी म्हटलं. “माझा राहू दे.”