पारामावशींची न घेतलेली रजा

वाळवंटाच्या काठावरच्या त्या गावात हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि तारेच्या कुंपणातलं अंगण. अंगणात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, तिच्यात चार तापमापक. खांबावर वारा मोजणारं गरगरतं यंत्र. आणि जमिनीलगत, लाकडी चौकटीवर ठेवलेलं एक मोठं गोल पांढरं भांडं. त्यातलं पाणी रोज उन्हानं किती उडून जातं, ते मोजायचं. हा सगळा पसारा सव्वीस वर्षं ज्यांच्या ताब्यात होता, त्या बाईंना गाव पारामावशी म्हणायचं. हे नाव तापमापकातल्या पाऱ्यावरून पडलं की मावशींच्या पटकन चढणाऱ्या पाऱ्यावरून, याबद्दल गावात दोन मतं होती.

मावशी पंचावन्नच्या, एकट्या राहणाऱ्या, कामाला वाघ. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. आठ एकतीसला घेतलेली नोंद त्यांच्या लेखी शिळी. पण एक गोष्ट गावाला माहीत होती आणि मावशींपुढे कोणी काढत नसे. दर वर्षी उन्हाळ्याचे सगळ्यात कडक सहा आठवडे मावशी तिथे नसायच्याच. डोंगरावरच्या थंड गावी दादा-वहिनी राहायचे, मावशी रजा टाकून तिकडे जायच्या. मागे केंद्र सांभाळायचे त्यांचे सहायक, ज्यांना गाव 'छोटा पारा' म्हणायचं. नोंदवहीतले गेल्या अकरा वर्षांतले सगळे मोठे आकडे त्यामुळे सहायकांच्या अक्षरात होते, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या वर्षी रजेला चार दिवस उरले असताना पाण्याचा टँकर आला. टाकी भरून झाल्यावर टँकरवाला खाली वाकून चाकाकडे बघत बसला.

"मावशी, जरा इकडे या. गाडी हलवू कशी?"

चाकाच्या सावलीत कुत्र्याचं एक पिल्लू पसरलं होतं. वाळूच्याच रंगाचं, दोन-अडीच महिन्यांचं, कान अंगापेक्षा मोठे.

"मागच्या थांब्यावर चढलं असणार," टँकरवाला म्हणाला. "पाइपाच्या वेटोळ्यात बसून आलेत हे साहेब."

"मग परत नेऊन सोड."

"मावशी, मी आता उलट्या दिशेला चाललोय. आठ दिवसांनी येतो, तेव्हा नेतो की."

आठ दिवसांनी तो आला तेव्हा पिल्लाचं नाव ठेवून झालं होतं. मावशी आकडे दशांशापर्यंत वाचायच्या, आणि हे पिल्लू पूर्ण आकड्यामागच्या दशांशासारखं त्यांच्या टाचेमागे चिकटलेलं असायचं, म्हणून दशांश. टँकरवाल्यानं कुंपणाच्या तारांतून ओसरीवरची गोधडी पाहिली, तिच्यावर उताणा पडलेला दशांश पाहिला आणि पाइप जोडला.

रजेचं काय? बारा तासांच्या बसमध्ये कुत्रं घेत नव्हते. वहिनीला कुत्र्याच्या नुसत्या आठवणीनं शिंका यायच्या. सहायकांकडे ठेवावं तर ते कुत्र्याला भीत, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, अर्थात वीस फुटांवरून. मावशींनी दादाला फोन लावला.

"या वर्षी जमणार नाही रे दादा."

"काय झालं? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? घरात लहान बाळ आहे."

पलीकडून दादानं "कोणाचं?" असं तीनदा विचारलं, तेव्हा मावशींना खुलासा करावा लागला.

आणि मावशी राहिल्या. पहिले दोन दिवस त्यांचे हाल झाले. दुपारी दाराची कडी हाताला चटका देत होती, नळाचं पाणी चहाला चालेल असं येत होतं. दशांश जीभ बाहेर टाकून त्यांच्याकडे असा बघायचा, की हे ऊन जणू मावशींनीच चालू ठेवलंय आणि आता जरा बंद करावं. मग मावशींनी कंबर कसली. सव्वीस वर्षं आकड्यांत पाहिलेला उन्हाळा पहिल्यांदाच अंगावर घ्यायचा होता, तर तो नीट घ्यायचा.

दोघं पहाटे साडेचारला उठू लागली. त्या वेळी वाळू गार असते, हे मावशींना कळलं ते अनवाणी पाय टाकल्यावर. माठाच्या पोटासारखी गार! दशांश वाळूच्या टेकाडावर धावत जायचा आणि वरून कोलांट्या खात खाली यायचा. चौथ्या दिवशी आजूबाजूला कोणी नाही अशी खात्री करून मावशीही बसल्या आणि घसरत खाली आल्या. साडीत शेरभर वाळू गेली. पण त्या खदखदून हसल्या आणि पुन्हा वर चढल्या.

दिवस वर आला की खिडक्यांना ओली पोती. बारा वाजता फरशीवर पाणी शिंपडून दोघं शेजारी शेजारी आडवी. एक कलिंगड दोघांत. लाल भाग मावशींना, पांढऱ्याजवळचा दशांशाला, बिया दोघांच्याही अंगाला. उन्हात पंजे भाजतात म्हणून दुपारी त्याला उंबऱ्याबाहेर बंदी. एरवी दुपारी कामाशिवाय चकार शब्द न बोलणाऱ्या मावशी आता जुन्या वह्या मोठ्यानं वाचून दाखवत. "ऐक, एकोणीस वर्षांपूर्वी आजच्या दिवशी सेहेचाळीस पूर्णांक दोन. त्या मानानं तू सुखात आहेस."

सहायक मात्र नाराज होते. वर्षातले सहा आठवडे ते केंद्राचे राजे असत. यंदा राज्याभिषेकच झाला नाही. त्यात दुसऱ्या आठवड्यात एक भानगड उद्भवली. भांड्यातलं पाणी रोज चौदा-पंधरा मिलिमीटर कमी व्हायचं, ते एकदम सव्वीस झालं. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन.

"बाई, तुमच्याकडे वाळवंट आहे की कढई? शेजारच्या केंद्रावर पंधरा आणि तुमच्याकडे सत्तावीस?"

मावशींचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत त्यांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी भांडं रिकामं करून तळ तपासला. भोक नाही. खालची वाळू तपासली. कोरडी ठणठणीत. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून भांड्यावर घातलेली जाळी एका बाजूला जरा उचललेली होती, पण वाऱ्यानं उचलली असेल. उरला एकच संशय.

"सहायकसाहेब," मावशी म्हणाल्या. त्या 'साहेब' लावू लागल्या की सहायक दाराकडे सरकायचे. "तुमच्या कुलरमध्ये हल्ली पाणी कुठून भरता?"

"बाई!" सहायकांचा चेहरा पडला. "अकरा उन्हाळे मी हे भांडं सांभाळलं. थेंबसुद्धा इकडचा तिकडे केला नाही. आणि तुम्ही राहिलात त्याच वर्षी पाणी जातं, तर चोर मी?"

बोलणं खरं होतं. ते मावशींना झोंबलं. दोघांचं दिवसभर बोलणं बंद. दशांश एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत मध्ये बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद घेऊन झाल्यावर मावशी म्हणाल्या, "चला, आज दोघं मिळून पहारा करू." आकडे पाठवायचं काम झटपट उरकून दोघं पाण्याच्या टाकीमागे लपली. पावणेनऊ झाले असतील. वाळू अजून तापली नव्हती. ओसरीवरची गोधडी हलली. दशांश उठला, आळस दिला, अंगण ओलांडलं, नाकानं जाळीचं टोक उचललं आणि लाकडी चौकटीवर चढून सरकारी भांड्यात धपकन उतरला.

पुढची पाच मिनिटं त्यानं जी आंघोळ केली ती राजानंही केली नसती. डुबकी मारली, शेपटीनं पाणी उडवलं, तीन गिरक्या घेतल्या. मग बाहेर येऊन अंग झाडलं आणि ऐटीत ओसरीकडे निघाला. वाळूवर ओल्या पावलांची रांग उमटली, आणि त्या कोरड्या गरम वाऱ्यात दोघांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. गोधडीवर पोहोचेपर्यंत दशांशसाहेब कोरडे! पुरावा शिल्लकच राहत नव्हता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी पुटपुटल्या.

सहायक तोंडावर हात दाबून हसत होते. "बाई, भांड्यात कोणाचा जीव पडला होता ते कळलं, आणि माझाही जीव भांड्यात पडला."

मावशी वळल्या. "माझं चुकलं हो. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

"असू द्या. पण आता साहेबांना काय सांगायचं? वारा जास्त होता म्हणू?"

"वारा किती होता तेही आपणच लिहून पाठवलंय," मावशी म्हणाल्या. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं : 'केंद्रातील कुत्र्याच्या पिल्लाने भांड्यात आंघोळ केल्याचे निदर्शनास आले आहे. गेल्या चार दिवसांच्या नोंदी बाद कराव्यात. चूक सर्वस्वी माझी.'

कागदाचा फोटो काढून साहेबांना पाठवला, आणि तासाभरात फोन वाजला. मावशी उभ्या राहूनच बोलल्या. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

"बाई, हे पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं," साहेब कसेबसे म्हणाले. "नोंदी बाद करतो. जाळी पक्की बसवा. आणि बाई, त्या पिल्लाला एक टब घ्या हो."

टब आला, टँकरवाल्यानं आणला. गुडघाभर खोल, निळा, ओसरीत ठेवायला. दशांश सकाळी त्यात डुंबायचा. दुपारी मावशी त्यात पाय सोडून वही तपासायच्या. पाचव्या दिवशी सहायकही चपला काढून, दशांशापासून एक वीत अंतर ठेवून, पाय सोडून बसले. साहेबांचा फोन आता रोज यायचा, आधी आकडे, मग "पिल्लू काय म्हणतंय?"

चौथ्या आठवड्यात दादा न सांगता येऊन थडकला. बसमधून उतरला तोच भाजून निघालेला.

"अगं, तुला न्यायला आलोय! वहिनीनं पाठवलंय. म्हणाली, उन्हानं डोकं फिरलंय तुझं."

"आधी पाय धू," मावशींनी टबाकडे बोट केलं.

त्या दिवशी सकाळपासूनच हवा वेगळी होती. पक्षी गप्प, रस्ता ओस. संध्याकाळी साडेपाचला मावशींनी पेटी उघडली आणि बराच वेळ डोळा दिवसाचा कमाल आकडा दाखवणाऱ्या तापमापकाशी लावून उभ्या राहिल्या.

"काय आहे?" सहायकांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

सहायकांनी बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "एकोणपन्नास पूर्णांक चार. बाई, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा!"

मावशींनी पेन हातात घेतलं. सव्वीस वर्षांत असा आकडा त्यांच्या अक्षरात वहीत गेला नव्हता. टोक कागदाला टेकलं, तिथेच थांबलं. मग त्यांनी पेन सहायकांपुढे धरलं.

"लिहा. मी सांगते, तुम्ही लिहा. अकरा वर्षं तुम्हीच होतात."

सहायकांनी लिहिलं. आकडा सुरेख आला. खाली दोघांनी सह्या केल्या. सहायक वाकून दशांशाला म्हणाले, "बघ रे," आणि मग आपण कोणाच्या किती जवळ वाकलोय हे ध्यानात येऊन झटकन सरळ झाले. पण मागे सरकले नाहीत.

ओसरीत आल्यावर पाहतात तर दादा टबाजवळ खुर्ची ओढून, पाय पाण्यात, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर कलिंगडाची फोड. दशांश त्यांच्याआधीच पळत येऊन त्याच्या पोटऱ्या चाटत होता. दादा फोनवर बोलत होता.

"नाही गं, तिचं डोकं ठिकाणावर आहे. हो, विचारलं. नाही म्हणते. अगं, एकोणपन्नास आहे इथे आज! आजवरचा सगळ्यात मोठा... हो, मी आहे ना इथेच." त्यानं मावशींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो, मी शनिवारी निघू का? पहाटे वाळूवरून घसरायचं असतं म्हणे. ते तेवढं बघून येतो."