तारखांचे घरमालक

इंग्रजी वर्षातला एकही दिवस मोकळा सोडायचा नाही असा विडा उचललेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. साठच्या दशकाच्या अखेरीस मी धरमपेठेत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. तेव्हापासून माझी सकाळ कोंबड्याने नाही, या काकांनीच केली. मी तोंडात ब्रश घेऊन अंगणातल्या नळाशी उभा असायचो आणि हे धोतराचा सोगा सावरत विचारायचे, "आज काय झालं होतं, माहीत आहे का गा?" मला माहीत नसायचं, आणि तेच त्यांना हवं असायचं. मग कुठे एखादा किल्ला पडायचा, कुठे एखाद्या राजाचं डोकं उडायचं, कुठे पहिली आगगाडी सुटायची, आणि तोवर नळाचं पाणी गेलेलं असायचं.

बरं, नुसतं सांगून मोकळे होतील तर ते काका कसले? ते दिवस पाळायचेही. संक्रांतीला सगळी धरमपेठ तिळगूळ वाटत हिंडायची आणि काका सुतकात. चौदा जानेवारी म्हणजे पानिपत. "तिकडे घरोघरचे पोरं कापल्या गेले, अन् तुम्ही मले गोड बोल म्हणून राहिले," असं दारात आलेल्या बायकांना ऐकवायचे. दिवेलागण झाली की मात्र सुतक फिटायचं आणि काकूंच्या डब्यातल्या वड्या भराभर कमी व्हायच्या. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तर त्यांची झोपच उडाली, कारण अमेरिकेत त्या वेळी वीस जुलै होती आणि आपल्याकडे एकवीस उजाडली होती. "एक माणूस दोन तारखांले कसा काय उतरते गा?" म्हणून दिवसभर घरात येरझारा. शेवटी दरवर्षी दोन्ही दिवस कांद्याची भजी करायचा हुकूम सोडून त्यांनी चंद्राचा प्रश्न मिटवला. माझं लग्न अठरा जूनला ठरलं तेव्हा मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "त्या दिवशी वॉटर्लूले भलाभला बादशहा हरला होता. पाह्य बुवा." मी हसण्यावारी नेलं. बायको अजून म्हणते, काकांनी सावध केलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही.

एकच तारीख त्यांनी पुस्तकातून किंवा पेपरातून उचललेली नव्हती. छप्पन सालच्या चौदा ऑक्टोबरला धम्मदीक्षेसाठी नागपुरात माणसांचा पूर आला होता, आणि काका रस्त्याकडेला उभे राहून लोकांना पाणी पाजत होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक बाई त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून त्या गर्दीत होत्या. दरवर्षी त्या तारखेला त्या आमच्याकडे खिरीची वाटी घेऊन यायच्या. एकदा सहज म्हणून गेल्या, "आमचा तर जन्मच त्या दिवशी झाला, भाऊ." काकांनी वाटी खाली ठेवली. "तुमाले तुमच्या जन्माची तारीख ठाऊक आहे, बाई," ते म्हणाले. "मले नाही."

तेव्हा कळलं, हा माणूस सगळं वर्ष कशासाठी धुंडाळतो आहे ते. शाळेत घालताना मास्तरांनी त्यांच्या नावापुढे एक जून टाकली होती. "त्या दिवशी तर अर्धा जिल्हा जन्माले आला," ते म्हणायचे. खापा हे त्यांचं गाव. वडील मागावर कापड विणायचे, आई त्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. घरात कॅलेंडर कशाला असणार? आईला एवढंच आठवायचं की कन्हानला पूर होता आणि सुईण डोक्यावर सूप धरून आली होती. पूर कोणत्या साली, विचारलं की म्हातारी म्हणायची, "पूर काय एकदाच येते का रे?"

एका रविवारी मी त्यांच्यासोबत खाप्याला गेलो. म्हातारीला दिसायचं कमी झालं होतं आणि आठवायचं त्याहून कमी. काकांनी नेहमीप्रमाणे पूर, सूप, सुईण असा उलटतपास सुरू केला. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग लेकाचा हात चाचपत म्हणाली, "आज आला न तू? मंग आजच घे." काका गडबडले. "आज काहीच झालं नाही वं माय जगात," म्हणाले. "तू आला न," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती हे साफ विसरली होती. काकांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तोच दिवस देऊन टाकला. मग काकांना त्याची चटकच लागली. सणावारीच गावाकडे फिरकणारा माणूस दर रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन बस गाठू लागला. संध्याकाळी परतायचा तो वाढदिवस होऊनच. "लोकं वर्षातून एकदा वाढते," काकू म्हणायच्या, "आमचे हे दर इतवारी वाढून राहिले." त्या दिवसांत काका नळाशी आले तरी एखाद्या किल्ल्याला जीवदान मिळायचं. इतका सुखी माणूस मी तरी पुन्हा पाहिला नाही.

म्हातारी एका हिवाळ्यात गेली. जगातल्या सगळ्या मरणांच्या तारखा तोंडपाठ असलेल्या काकांनी ही एक तारीख कधी उच्चारली नाही. रविवारी ते सवयीने धुतलेला सदरा घालायचे, आणि मग कुठे जायचं ते न सुचून ओट्यावर बसायचे. मला ते पाहवेना. एका रविवारी मी सीताबर्डीवरून पेढे आणले, त्यांच्यापुढे पुडा उघडला आणि म्हणालो, "काका, आजच घ्या."

त्यांनी एक पेढा उचलून अर्धा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"ते देणं तुया हातात नाही गा," म्हणाले, आणि आपला अर्धा सावकाश खाऊ लागले.