मी भात सोडला तेव्हाची गोष्ट

मागच्या वर्षी गणपतीच्या पूजेला मी पाटावर बसलो तो बसलोच. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, लोक चपला शोधायला लागले, तरी मी आपला पाटावरच. मांडीवर पोट येऊन बसलेलं, उठायचं कुठून तेच कळेना. शेवटी पोरीने हाताला धरून ओढलं. पोरगी माझी चोवीस वर्षांची, एकुलती एक, कर्जतला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. तोंडाने फटकळ. म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात तास-दीड तास पाटावर बसायचंय तुम्हाला. तेव्हा काय क्रेन मागवू?"

बायको पदर तोंडाला लावून हसली आणि माझं डोकं फिरलं.

आम्ही कडावच्या अलीकडच्या एका गावातले. घरची भातशेती आहे, पण ती आता मजुरांच्या आणि ट्रॅक्टरच्या जिवावर. मी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे माल मशीन उचलतं आणि मी खुर्चीत बसून सह्या करतो. वय एकोणपन्नास. तरुणपणी मी भाताचं पोतं पाठीवर घेऊन शिडीने माळ्यावर चढायचो, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की आता विषय निघाला की दोघी उठून जायच्या.

दुसऱ्या दिवशी जिम लावली. गुपचूप. या वयात जिमला जातो म्हटलं तर नाक्यावरचे लोक विचारणार, "काय रं, दुसरं लगीन करतोस काय?" म्हणून कामावर जायच्या आधी, उजाडताना जायचो. कर्जतला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही जिम. चालवणारा माणूस जुना कबड्डी खेळाडू, गुडघा गेला म्हणून मैदान सुटलेलं. त्याने मला समोरून बघितलं, बाजूने बघितलं आणि म्हणाला, "दादा, नुसतं पोट उतरत नाय कोणाचं. आख्खं अंग कामाला लावा, मग पोट पण हलंल."

मी विचारलं, वजन किती दिवसांत कमी होईल? तर म्हणाला, काट्यावर रोज चढूच नका. "चरबी जाते आणि अंगात मांस भरतं. काटा तिथंच दिसतो आणि माणूस वैतागून घरी बसतो. तुमच्या कमरेला करदोडा हाय ना? तो बघत जा."

करदोडा होता. लहानपणी आईने कमरेला बांधला तेव्हापासून काळा दोरा सुटला नाही, जुना झाला की नवा. पण बघायचा म्हणजे आधी शोधायला लागायचा. पोटाच्या वळीत कुठेतरी रुतून बसलेला असायचा आणि रात्री कपडे काढले की त्याचा लाल वळ दिसायचा.

पहिला आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठका मारल्या की जिना उतरताना पाय लटपटायचे. केस विंचरायला हात वर जाईना. बायकोने विचारलं तर सांगितलं, स्टोअरमध्ये रॅक सरकवले. ती म्हणाली, "रोज?" मग सांगून टाकलं. तिलाही बजावलं, पोरीलाही बजावलं, बाहेर बोलायचं नाही.

खाण्याचं त्या कबड्डीवाल्याने साधं सांगितलं होतं. प्रत्येक जेवणात अंडी, मासळी, चिकन, डाळ, चवळी यातलं काहीतरी भरपूर, रात्रीची झोप पुरी, आणि भात मुठीएवढा. आता माझा स्वभाव असा की मला अर्धवट काही जमत नाही. तंबाखू सोडली तीही एका दिवसात, डबी उल्हास नदीत फेकून. मुठीएवढा भात म्हणजे काय भात झाला? मी भातच सोडला. आणि आमच्याकडे भाकरीही तांदळाची, म्हणून तीही सोडली. नाचणीची करायला लावली.

बायको म्हणाली, "शेतात भात, घरात भात, आणि तुमी भात सोडलात? लोक म्हणतील, साखर झाली." मी म्हटलं, म्हणू देत. खरं सांगतो, मला त्याचा माज चढला होता. कोणी भात वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायचा आणि नको म्हणायचं, यात मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

पण फरक पडला हेही खरंच. वर्षभरात काटा फारसा हलला नाही, करदोडा मात्र सैल पडत गेला. त्याची गाठ मी चार बोटं आत घेतली. शर्ट पोटावर ढगळ आणि दंडात घट्ट व्हायला लागले. एकदा बायको पाठीमागून येऊन दंड दाबून गेली. ते मला फार आवडलं होतं.

अशात पोरीने सांगितलं की तिला एक मुलगा आवडलाय. कर्जतच्याच एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, घर खालापूर तालुक्यात, आपल्यातलेच, शेती आहे. नंतर मुलगा दोनदा घरी येऊन गेला, शांत आणि कामाचा वाटला. त्याच्या आईचा निरोप आला, दसरा झाला की जेवायला या, हळवं भात निघालंय, नव्या तांदळाचं पहिलं जेवण तुमच्यासोबतच करू. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं. नवा तांदूळ घरात आला की त्याचा पहिला भात किती मानाचा, हे आमच्याकडे कोणाला सांगायला लागत नाही.

आम्ही गेलो. ताटं मांडली. घरच्या कोंबडीचं सुकं, रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. मी कोंबडी घेतली, भाकरी बाजूला ठेवली. मग मुलाची आई पातेलं घेऊन आली. झाकण काढल्यावर त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तरी माझा हात सवयीने ताटावर आडवा गेला. "भात नको."

"थोडासा घ्या. नवा हाय."

"नको."

बायकोने कोपराने ढोसलं. मुलाच्या आईने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी म्हणालो, "भात सोडलाय मी." का सोडलाय ते सांगायची लाज वाटली. होणाऱ्या व्याह्यांसमोर जिमचं कुठं सांगत बसू? बाई पातेलं घेऊन आत गेली. मुलाचे वडील सुपारी कातरत म्हणाले, "बरं, कळवतो."

घरी येताना बायको गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, तिला गाडी लागली असेल.

तीन आठवडे गेले, निरोप नाही. एके संध्याकाळी पोरगी कामावरून आली आणि पर्स न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "त्याची आई म्हणते, तुझ्या बाबांनी आमच्या घरचं अन्न बाजूला सारलं. भात नाय, भाकरी नाय. मुलगी द्यायची नसली तर तोंडाने सांगायचं होतं. आता ते दुसरीकडे बघतायत."

मी म्हटलं, "अगं, पण मी तर..."

"बाबा, मला दुसरा कोण नकोय." एवढं बोलून ती आत गेली. फटकळ पोरगी, पण दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

ज्या घरी मुलगी द्यायची त्या घरचा भात नाकारायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी भाताच्या चिखलात वाढलेला माणूस, मला कळू नये? त्या रात्री मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. सकाळी जिममध्ये सांगितलं तर कबड्डीवाला डोक्याला हात लावून म्हणाला, "मी मूठभर खा म्हणालो होतो. सोडा कधी म्हणालो?"

रविवारी घरात सांगून मी एकटाच निघालो. गेलो तर खळ्यात धावपळ. गरवं, म्हणजे मागून येणारं भात झोडून पोती भरलेली, आणि डोंगराकडून काळं भरून आलेलं. अवकाळीचा काही भरवसा नाही. मजूर जेवायला गेले होते, मुलगा दवाखान्यात ड्युटीवर. त्याचे वडील कमरेला पट्टा बांधून उभे होते, मणक्याचा त्रास. आणि त्याची आई एकटी पोतं फरफटत ओढत होती.

माफीबिफी राहिली बाजूला. मी शर्ट काढून काठीवर टाकला आणि पहिलं पोतं उचललं. वाकायचं गुडघ्यातून, पाठ सरळ, पोट आवळून धरायचं, वर येताना श्वास सोडायचा. वर्षभर त्या खताच्या दुकानावर हेच तर केलं होतं. पोतं पाठीवर आलं. खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर. तिसऱ्या पोत्याला घाम फुटला, दहाव्याला मांड्या पेटल्या, पण पाय लटपटले नाहीत. ती दोघं बघत राहिली. मग मजूर आले आणि उरलेली पोती आम्ही मिळून आत घेतली. शेवटचं आत गेलं आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजायला लागले.

मुलाचे वडील म्हणाले, "ह्या वयात एवढा दम? आमाला तर वाटलं तुमी आजारी हाय."

मग मी ओटीवर बसून सगळं सांगितलं. पाट, क्रेन, जिम, मुठीएवढा भात, माझा माज, सगळं. करदोड्याची गाठसुद्धा दाखवली. आधी वडील हसले, मग आतून ती बाई हसली. म्हणाली, "अहो, मग त्या दिवशी बोलायचं नाय का? मी पंधरा दिस झोपले नाय. वाटलं, आमच्या हातात काय खोट हाय?" माझ्या हट्टापायी त्या बाईने काय सोसलं ते तेव्हा कळलं, आणि मी हात जोडले.

तिने जेवायला बसवलं. मी जमिनीवर मांडी घालून बसलो, सरळ, कशाला न टेकता. ताट आलं. त्यात चवळीची उसळ, सुकटीची चटणी, शेजारणीकडून मागून आणलेली नाचणीची भाकरी, आणि दोन उकडलेली अंडी. बाकी सगळ्यांच्या ताटात भात वाढला. माझ्याकडे आली आणि पातेलं बाजूला घेऊन म्हणाली, "तुमाला नाय वाढत. तुमचं पथ्य हाय. आता आमाला राग नाय."

मुलीच्या बापाने मुलाच्या घरी तोंडाने मागून खायचं नसतं. पण मी ताट पुढे सरकवलं.

"वाढा," मी म्हणालो. "माझी पोर जन्मभर हा भात खाणार. मला त्याची चव माहीत नको?"

त्या बाईने पदराने डोळे टिपले आणि वाढलं. मुठीएवढं नाही, चांगलं शीग लावून. वर उसळीचा रस्सा ओतला. भात मऊ होता, गोडसर, आमच्या शेतातल्यापेक्षा जरा चिकट. पोरीला आवडेल असा. मी दुसऱ्यांदाही मागितला. हात धुताना मुलाचे वडील म्हणाले, "दुसरीकडं नाय म्हणून कळवतो. बोलणीला कधी येऊ ते सांगा."

परत येताना कर्जतजवळ पोचलो आणि पोरीचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली. तिने लग्नाचं काहीच विचारलं नाही.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"भात?"

"दोनदा घेतला."

मग ही चुरूचुरू बोलणारी पोरगी फोनवर हुंदके द्यायला लागली. मी म्हणालो, रडतेस कशाला गं, ठरलं तुझं. आणि मग गाडीत बसून मीही रडलो, कारण तिच्यासाठी घरात रोज जो वाटीभर तांदूळ जास्तीचा धुतला जातो, तो आता कमी होणार होता.