तुकड्यानं कुठं बसावं

माझ्या भावानं पुण्याहून एक खोका आणला होता. बाहेरच्या देशातली खेळणी तेव्हा तिकडच्या दुकानांत नुकतीच दिसायला लागली होती, आणि त्याला त्यांचं फार अप्रूप. आमच्या शिरूर कासारला नवलाई म्हणजे एसटीडीचा पिवळा बोर्ड. खोक्यात पुठ्ठ्याचे दोनशे वेडेवाकडे तुकडे होते आणि झाकणावर चित्र. तळं, काठावर लाल छपराचं घर, वर मोठं निळं आभाळ. तुकडे जुळवून ते चित्र तयार करायचं. "तुझ्या रविवारच्या पोरांना होईल," भाऊ म्हणाला.

माझे पती तिथल्या मंडळीचे पाळक होते. पत्र्याचं छप्पर, सात-आठ बाकं, एवढंच आमचं चर्च. पाळकाची बायको म्हणून मुलांची रविवारची शब्बाथशाळा माझ्या गळ्यात पडली होती. पण खोटं कशाला सांगू, मला उपदेश करायची हौसही दांडगी होती. उपासना संपली की स्वयंपाकघरातलं टेबल आम्ही उचलून चर्चमध्ये आणायचो आणि पोरं त्याच्याभोवती गर्दी करायची.

त्यात एक मुलगी होती, सातवीतली, चौदावं लागलेली. बाकीची पोरं तळ्यातलं बदक शोधत बसायची. ही मात्र आधी सरळ कडांचे तुकडे निवडून चौकट लावायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे बघून मी ठरवूनच टाकलं की जूनमध्ये हिला नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात घालायचं. तिच्या बापाला अजून विचारलं नव्हतं, पण मनातल्या मनात मी तिची ट्रंकसुद्धा भरली होती.

चार रविवारांनी चित्र पुरं होत आलं आणि मी माझा धडा दिला. मला तो फारच सुंदर वाटला होता. म्हटलं, "प्रत्येक तुकड्याची जागा एकच. तुकड्याला पुरतं चित्र दिसत नाही, कारण झाकण देवबापाच्या हातात आहे. म्हणून तुकड्यानं म्हणू नये, मला इथं नाही बसायचं. त्यानं ठेवलं तिथं बसावं, कुरकुर करू नये." मुलीला न्यायला आलेला तिचा बाप दारात टोपी हातात धरून उभा होता. "लई चांगलं सांगितलं, बाई," तो म्हणाला. मी फुलून गेले.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावं रिकामी होतात, माणसं ऊस तोडायला कारखान्यावर जातात. आमची अर्धी मंडळीही जायची. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकटा गडी मुकादमाला नको असतो, म्हणून ट्रक निघायच्या आधी लग्नांची घाई उडते. हे मला ठाऊक होतं. पण ते इतर लोकांचं असतं, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी तो बाप पेढे घेऊन आला. "साहेब, लेकीचं जमलं. पोरगा सवता कोयता घेनार हाय. आठ दिसांत लावून द्या."

पती म्हणाले, "तिचं वय झालेलं नाही. मी हे लग्न लावणार नाही."

"तुमी न्हाई लावलं तर भावकी लावील. त्यांचा मांडव हायेच की." त्याचे भाऊ हिंदूच राहिले होते. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

मी मध्ये पडले. पोरगी हुशार आहे, शिकेल, पायावर उभी राहील, सगळं बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमीच सांगितलं न्हवं, बाई? तुकड्यानं म्हनू नये, मला हितं न्हाई बसायचं."

"अहो, ते वेगळं होतं."

"मग शिकिवलं कावून?"

त्यानं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मला त्याचा इतका संताप आला की त्याचे पेढे मी तसेच परत दिले.

दुपारी मी तिच्या आईकडे गेले. ती बोचकी बांधत होती. "हिला हितं कुनाच्या भरोशावर ठिवू? आमी सहा म्हैने उसाच्या फडात. घरात म्हातारी, तिला दिसत न्हाई. ल्हान होती तवर संगं न्हेली. आता पाचटाच्या कोपीत, चार गड्यांत कशी ठिवू?" मग हातातली दोरी तशीच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी ठिवून घेता का? जूनपस्तोर? लग्नाचं मी बघते, मोडते."

मी म्हटलं, "विचारून सांगते."

घर मिशनचं होतं. कमिटीच्या परवानगीशिवाय परक्याचं मूल ठेवायचं नाही असा नियम होता. पती म्हणाले, "रीतसर लिहू." आम्ही नगरला रीतसर पत्र लिहिलं, बापाच्या संमतीचा रकानासुद्धा आखला. उत्तर यायला महिना लागणार हे दोघांनाही माहीत होतं. ट्रक आठ दिवसांनी निघणार होता. एक सतरंजी आणि एक जास्तीचं ताट, एवढंच लागणार होतं. आम्ही आज्ञाधारक माणसं, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकून घरी आलो आणि जेवलो. आज मला त्या जेवणाची लाज वाटते.

रविवारी पोरांनी खोका मागितला. मी तो कपाटावर टाकला होता. त्यांना गाणी म्हणायला लावली.

लग्न भावकीच्या मांडवात झालं. आम्ही गेलो नाही. न जाण्यानं आम्ही काहीतरी केलं, असं पती स्वतःला समजावत होते. मला स्वतःची तेवढीही समजूत घालता आली नाही.

ट्रक सकाळी चौकातून निघाला तेव्हा मी धावत गेले. आत भांडी, बोचकी, शेरडं आणि माणसं. ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी उभी होती, हाताला हळद, शेजारी मिसरूड फुटलेला नवरा. मी फळीला हात लावला. तिनंच वाकून माझा हात धरला.

"बाई, माझ्यासाठी प्रार्थना करा."

मला म्हणायचं होतं, देवा, हिला खाली उतरव. हा ट्रक बंद पाड. मला शिक्षा कर, पण हिला नेऊ नकोस. मी डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं, "प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे."

ती शहाण्या पोरीसारखी "आमेन" म्हणाली.